कोयनेचं मॉडेल करायचंय? आधी दरवाजांचा उंबरा बघा

तुमचे प्रश्न दोन: स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कृष्णा खोऱ्याचं मॉडेल करायचंय, तर कुठलं सॉफ्टवेअर शिकावं? आणि अतिवृष्टीचा अंदाज आधी मिळतो, तर कोयना आधीच रिकामी का करत नाहीत? दुसरा प्रश्न आधी घेतो. पहिल्याचं उत्तर त्यातच निम्मं मिळेल.

कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). वक्र दरवाजे सहा, पण त्यांचा उंबरा, म्हणजे दरवाजे जिथे टेकतात ती खालची कड, 2133 फूट 6 इंचांवर आहे. पाणी दरवाजांना टेकतं तेव्हा धरणात सुमारे 73 टीएमसी साठलेलं असतं. त्याखालचं पाणी दरवाजातून सोडताच येत नाही, अंदाज कितीही मोठा असो. मग नदीत सोडायची मुख्य वाट उरते धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाची, 2,100 क्युसेकची (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट). एक आकडा पाठच करून टाका: 11,574 क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की 1 टीएमसी होतो. या हिशेबाने पायथ्यातून 1 टीएमसी जायला साडेपाच दिवस लागतात. उलट येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, लाख क्युसेकचा असला तर एका दिवसात साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी आत येतं. पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहाला जाणाऱ्या पाण्यालाही कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. साठा 60 टीएमसी असताना तुमचं मॉडेल पन्नास हजार क्युसेक सोडत असेल, तर ते कोयनेचं मॉडेल नाही.

दरवाजे वापरता येतात तेव्हाही खाली काय चाललंय ते बघावं लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोका पातळी 45 फूट. ते सगळं पाणी कोयनेचं नव्हतं. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात कोसळलेला पाऊस कुठल्याच दरवाजाला विचारत नाही, आणि हरिपूरला वारणाही येऊन मिळते. म्हणून मुक्त पाणलोट वेगळा दाखवा. विद्यार्थ्यांच्या बहुतेक मॉडेलांत नेमका हाच भाग गाळलेला दिसतो, आणि मग सगळा दोष धरणावर ढकलला जातो.

आता आकडेवारीचं. येवा कोणी थेट मोजत नाही. साठ्यातला फरक, विसर्ग आणि बाष्पीभवन यांच्या ताळेबंदातून तो काढतात. मोठ्या जलाशयात वाऱ्याने पातळी बोटभर वरखाली झाली तरी एखाद्या दिवशी येवा उणे निघतो. नवखी मंडळी तिथे शून्य भरतात. असं कधीच करू नका! उणे खोडलं आणि अधिक तसंच ठेवलं, की वर्षाअखेर धरणात नसलेलं पाणी कागदावर जमा होतं. त्याऐवजी तीन किंवा पाच दिवसांची सरासरी घ्या.

एका मध्यम प्रकल्पाच्या मॉडेलमध्ये मला दर उन्हाळ्यात पाणी शिल्लक दिसायचं, प्रत्यक्षात मात्र मेमध्ये कालवा कोरडा. तीन आठवडे समीकरणं तपासली. शेवटी काठाने चालत गेलो, तर फुगवट्याच्या (धरणामागे अडलेल्या पाण्याच्या) कडेने पाणी उपसायच्या मोटारी ओळीने लावलेल्या, आणि त्या उपशाची नोंद कुठेच नाही. शिवाय मला मिळालेला पातळी-साठा तक्ता (कुठल्या पातळीला किती पाणी ते सांगणारा) धरण बांधलं तेव्हाचा, गाळ साचण्याआधीचा. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर हिशेब जुळला.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. महिन्यामहिन्याचं वाटप, म्हणजे शेती, शहर, वीज यांत कुणाला किती, हे पाहायचं असेल तर वीप (WEAP). विकसनशील देशांतल्या शिक्षणसंस्थांना त्याचा परवाना मोफत मिळतो. तासातासाचं दरवाजांचं परिचालन हवं असेल तर हेक-रेसिम (HEC-ResSim), पावसाचा येवा काढायला हेक-एचएमएस (HEC-HMS) आणि पाणी गावात कुठवर शिरेल ते पाहायला हेक-रास (HEC-RAS). ही तिन्ही अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची आहेत आणि फुकट उतरवून घेता येतात. वीपवर पूर बघायला जाऊ नका, ते त्याचं काम नव्हे.

पण पहिला महिना यातलं काहीच उघडू नका. एक्सेलमध्ये एकाच धरणाची दहा वर्षांची रोजची पातळी, विसर्ग, बाष्पीभवन घ्या आणि साठा स्वतः काढा. उंबरा, वीजगृहाची क्षमता आणि जलाशय परिचालन आराखड्यातली (धरणात कधी किती पाणी ठेवायचं ते ठरवणाऱ्या) पंधरवड्याची पातळी या अटी हाताने घाला. तुमचा साठा मोजलेल्या साठ्यापासून कुठल्या महिन्यात सुटतो ते बघा आणि तो तक्ता इथे टाका. मी नक्की बघेन.