साथ आली की आपण आजारी माणसालाच का टाळतो?

तुम्ही विचारलंय की साथीच्या काळात लोक रोग्यालाच का झिडकारतात आणि यात संस्कृतीचा कितपत हात असतो. मला विचाराल तर भीती सगळीकडे सारखीच असते हो, पण ती कुणावर काढायची हे जंतू यायच्या आधीच गावात ठरलेलं असतं.

देवीचा रोग घ्या. केवढा संसर्गजन्य आणि जीवघेणा, पण आपली आजी-पणजी त्याला रोग म्हणायचीच नाही, "देवी आल्यात" म्हणायची. दाराला कडुलिंबाचा टाळा, घरात फोडणी बंद, पोराला वेगळं ठेवायचे पण त्याची सेवाही करायचे, कारण घरात देवी आलेली. आणि कुष्ठरोग? तो तर सहजासहजी पसरतही नाही, पण त्याला मागच्या जन्मीचं पाप म्हटलं आणि माणूस गावाबाहेर. १९८० च्या दशकापासून चांगली औषधं आहेत, तरी घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं!! म्हणजे कोण किती धोकादायक यावर काही ठरत नाही, त्या आजाराला आपण काय अर्थ दिला त्यावर ठरतं.

कोरोनात हे मी घरातच बघितलं. आमचं गाव सिंधुदुर्गात. थोरला दादा परळला चाळीत राहतो, मे २०२० मध्ये ई-पास काढून वहिनी आणि पोरांना घेऊन गावी आला. एरवी चाकरमानी येणार म्हटलं की वाडीत काय आनंद असतो, गणपतीत भजनाची पेटी, देवळाची वर्गणी, सगळं त्यांच्या पैशावर, आणि त्या वर्षी "चाकरमानी आले" हे लोक दबक्या आवाजात सांगायला लागले. चौदा दिवस चौघं प्राथमिक शाळेत राहिले, आई डबा फाटकाच्या खांबावर ठेवून मागे सरायची. कुणालाही साधा तापसुद्धा आला नाही. पण खरं दुखणं चौदा दिवसांनंतर सुरू झालं. दुकानदार म्हणायचा लांबूनच सांग, पिशवी बाहेर ठेवतो. वहिनी विहिरीवर गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या, आणि ती घरी येऊन न बोलता भांडी घासत बसायची, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

मी यावर खूप विचार केला. आपल्याकडे लांब बसवायची रीत तयारच आहे, सूतक, सोवळं-ओवळं, विटाळ, आणि जातीची शिवाशिव तर आहेच. त्यामुळे अंतर ठेवा म्हटल्यावर लोकांना ते शिकवावं लागलं नाही, फक्त ते अंतर माणसाच्या शरीरापुरतं न राहता त्याच्या भांड्याला, सावलीला, घराण्याला चिकटलं. पण सूतक तरी फिटतं ना, दिवस संपले, तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं की माणूस परत सगळ्यांत. क्वारंटाईन फिटल्याचं कुणी जाहीर करायचं? त्याला रीतच नव्हती. मार्चमध्ये सरकारने परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, लागण पसरू नये म्हणून ते गरजेचं असेल, पण "हा आता बरा, याला घरात घ्या" असा शिक्का कुणाकडे नव्हता.

आणि ज्यांच्याबद्दल आधीपासून अढी असते त्यांच्यावर हे पहिलं येतं. तबलिगी जमात या मुसलमान धर्मप्रचारक संघटनेच्या दिल्लीतल्या मेळाव्यातून कोरोना पसरल्याच्या बातम्या आल्या आणि मुसलमान भाजीवाल्यांना सोसायट्यांनी फाटकात घेणं बंद केलं. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं, पण तोवर त्या भाजीवाल्याचा धंदा बुडायचा तो बुडालाच होता.

याचा तोटा सगळ्यांनाच होतो, कारण लोक आजार लपवतात. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोल्जर घराघरात, देवघरात शिरायचे तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली. आमच्या वाडीतही हेच झालं, जुलैमध्ये दोन घरांत खोकला होता आणि आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, विचारायला गेली तर दोन्ही घरांनी नाही म्हणून सांगितलं, तिलाही ओटीवर चढू दिलं नाही.

पण हेही लिहितो की संस्कृतीत दुसरी बाजूही आहे. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आमच्याकडे एवढं मोठं कुणी काही केलं नाही. शेजारची काकी एक दिवस संध्याकाळी सरळ आमच्या ओटीवर येऊन बसली आणि वहिनीला म्हणाली, "वायच चाय ठेव गो." वहिनीने कप धुऊन, परत धुऊन चहा दिला. काकीने तो पूर्ण प्याला, सगळ्या वाडीला दिसेल असा, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणी कळशी उचलली नाही.