एल्कवर गोळी झाडायच्या आधी परत वर कसं यायचं ते बघा

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ह्यूस्टनला एचवनबी वर आहे. ऑफिसमधले तिघं दरवर्षी ऑक्टोबरात कोलोरॅडोला एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातात, यावेळी मलाही बोलावलंय. कॅम्प १०,५०० फुटांवर आहे. सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, हाफ मॅरेथॉन पळतो, त्यामुळे दमाचं टेन्शन नाही. बायकोला मात्र अस्वलाची भीती वाटते. काय काळजी घेऊ?

उत्तर: आधी कागदांचं बोलू, कारण तुमचे मित्र अमेरिकन आहेत आणि त्यांना हे सुचणारच नाही. तुमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, त्याला थोडेच अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणजे लायसन्स नसताना मित्राची रायफल "जरा धरून बघतो" म्हणून रेंजवर हातात घेणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. एकदा वकिलाला विचारून घ्या, फी गेली तरी चालेल. आणि कोलोरॅडोचं लायसन्स काढायला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना. तो कोर्स नुसता उरकू नका, मन लावून करा. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कुणाकडे वळवायची नाही, नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि जनावराच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय गोळी नाही. रायफल सीझनला कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकता केशरी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. झाडापानांच्या नक्षीचं केशरी जॅकेट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, ते त्यात धरत नाहीत.

आता उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर वसलंय, म्हणजे एअरपोर्टच्या बाहेर पडलात की तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे. तुमचा कॅम्प ३,२०० मीटर, जवळपास दोन कळसूबाई एकावर एक. तिथं श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि तुम्ही येणार ह्यूस्टनहून, जिथं चढ म्हणजे फ्लायओव्हर. हाफ मॅरेथॉनचा दम इथं कामाचा नाही असं नाही, पण उंची कुणाला लागेल हे फिटनेसवर ठरत नाही, उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी जोरात चढतो आणि आडवा होतो. म्हणून विमानातून उतरून त्याच दिवशी कॅम्प गाठायचा नाही, मित्र कितीही घाई करू देत. एक रात्र डेन्व्हर, एक रात्र गनिसनसारख्या गावात (ते ७,७०० फुटांवर आहे) आणि कॅम्पवरचा पहिला दिवस नुसता हळूहळू फिरण्यात घालवा. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर आणखी वर जायचं नाही, आणि दारू तर अजिबात नाही. बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा माणूस सरळ रेषेत टाच-बोट लावून चालू शकत नाही, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली न्यायचं, निदान हजार फूट तरी आणि जमेल तेवढं आणखी. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

बायकोला सांगा की कोलोरॅडोत फक्त काळं अस्वल आहे, ग्रिझली (त्याहून मोठं, जास्त धोक्याचं अस्वल) नाही. ते मांसाच्या वासाने येऊ शकतं म्हणून मांस आतड्यांच्या ढिगापासून लांब न्यायचं, उरलेलं मांस आणायला परत जाताना आवाज करत जायचं आणि आधी लांबूनच बघायचं. वायोमिंग-मॉन्टानाला गेलात तर गोष्ट वेगळी, तिथं बेअर स्प्रे कमरेला हवाच.

पण मला खरी भीती अस्वलाची वाटत नाही, मला वाटते ती यशाची. म्हणजे जनावर पडल्यानंतरची. एल्क सांबराच्या कुळातलंच, पण पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. खाण्याजोगं मांस तिथं टाकून येणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे ते खांद्यावरून आणायचंच. एक मागची तंगडी हाडासकट पंचवीस-तीस किलो, अशा चार-पाच खेपा, चढाच्या, वाट नसलेल्या, पडलेल्या ओंडक्यांवरून.

माझ्या शिकारीच्या दुसऱ्या वर्षाचं सांगतो. आम्ही दोघं, संध्याकाळचे साडेचार, सहाशे फूट खाली ओढ्याच्या कडेला एल्कची मादी उभी आणि माझ्या जोडीदाराने गोळी घातली. नेम अचूक होता, आम्ही मिठ्या मारल्या. साडेसहाला अंधार, हेडलॅम्पच्या उजेडात फाडाफाड, अंग घामाने भिजलेलं, वरून बारीक बर्फ सुरू. पहिल्या खेपेत अर्ध्या चढावर तो थांबला, सॅकचा कमरेचा बकल लावायला लागला, लागेना, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, बोटं बकलवरून नुसती घसरत होती. मग सॅक टाकून ओंडक्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "पाच मिनिटं झोपतो." तो आवाज मी अजून विसरलेलो नाही, इतका शांत होता. आत त्याने कॉटनचा टीशर्ट घातला होता, ओला चिंब. तो काढायला लावला, माझं लोकरीचं कोरडं बनियन आणि वर पफी जॅकेट चढवलं, झाडाखाली शेकोटी केली, गरम साखरपाणी पाजलं. मांस तिथंच झाडाला टांगून ठेवलं, कॅम्पवर पोचायला रात्रीचे दोन वाजले, दुसऱ्या दिवशी चौघं जाऊन उरलेलं आणलं. काही बिघडलं नाही मांसाचं. रात्री थंडी असते, हाडापासून सोडवून, वारा लागेल असं टांगलं की टिकतं.

तेव्हापासून माझा नियम आहे आणि तुमच्या मित्रांशी गाडीतच तो ठरवून घ्या: दुपारी तीननंतर कॅम्पच्या खालच्या दरीत गोळी नाही. जनावर कितीही मोठं असो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा हीच वेळ दोनवर आणायची. गोळी झाडायच्या आधी जनावराकडे नाही, त्याच्यापासून कॅम्पपर्यंतच्या चढाकडे बघायचं.

बाकी थोडक्यात. कॉटन घरी ठेवा, लोकर किंवा सिंथेटिक घाला, कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. अडखळणं, पुटपुटणं, हातातून वस्तू निसटणं, उगाच चिडणं, ही थंडी आत शिरल्याची खूण, आणि ती ज्याला होते त्याला कळत नाही, म्हणून जोडीदारावर लक्ष ठेवायचं. सुरी चालवताना दोघांचे हात एकाच वेळी जनावरात नकोत, गार पडलेल्या हातांनी झालेला कट खोल जातो, टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) जवळ ठेवा आणि लावायला शिकून या. तंबू मेलेल्या उभ्या झाडाखाली ठोकू नका, किडीने वाळवलेले स्प्रूस त्या भागात जिकडेतिकडे आहेत आणि वाऱ्याने पडतात. बंद तंबूत गॅसचा हीटर लावून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि हो, त्या उंचीवर पाणी ९० अंशाच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो, त्यापेक्षा दडपे पोहे आणि सातूचं पीठ न्या, मी नेतो.

प्रश्न: मुलगा बोल्डरला असतो, मित्रांबरोबर सहा दिवस डोंगरात शिकारीला जाणार म्हणतो, फोन लागणार नाही म्हणतो. मी इथं कोल्हापुरात बसून काय करू? कुणाला फोन करायचा? — एक आई

उत्तर: काकू, तुमचा प्रश्न वाचून मला माझी आई आठवली. करण्यासारखं बरंच आहे. त्याला सांगा, गार्मिन इनरीचसारखं सॅटेलाइट मेसेंजर घे किंवा नव्या आयफोनमधली सॅटेलाइटची सोय आधी वापरून बघ. दाट झाडीत, खोल दरीत मेसेज जायला वेळ लागतो, थंडीत बॅटरी उतरते म्हणून यंत्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचं. रोज रात्री एक मेसेज, "कॅम्पवर आहे", बास. तिकडे ऑक्टोबरात रात्रीचे नऊ म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ, चहाच्या वेळेला बघा. एखादा मेसेज चुकला तर घाबरू नका, पण किती तास वाट बघायची हे त्याच्याशी आत्ताच ठरवा आणि ती वेळ टळली की "उगाच त्रास कशाला" असा विचार न करता फोन करा.

९११ हा अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर कोल्हापुरातून लागत नाही. कोलोरॅडोत डोंगरात माणूस शोधायची जबाबदारी त्या त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफची, तिथल्या पोलिसप्रमुखाची, असते, तेव्हा तो ज्या काउंटीत जाणार तिथल्या शेरीफ ऑफिसचा पूर्ण नंबर, पुढे अमेरिकेचा कोड लावून, लिहून घ्या. शोधायला येतात ते बहुतेक व्हॉलंटियर, आणि ते शोधाचे, सुटकेचे पैसे लावत नाहीत, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने कुणी थांबू नये (हेलिकॉप्टर अँब्युलन्सने हॉस्पिटलला नेलं तर त्याचं बिल मात्र वेगळं येतं, त्याचा इन्शुरन्स त्याने बघून ठेवावा).

आणि एक कागद त्याच्याकडून भरून घ्या: गाडीचा नंबर आणि ती कुठे लावणार, कॅम्पची जागा नकाशावर खूण करून, सोबतच्यांची नावं आणि त्यांच्या घरचे नंबर, जॅकेटचा आणि तंबूचा रंग, कुठली औषधं चालू आहेत. त्याच्या बुटाच्या तळव्याचा एक फोटोही मागवा, ताज्या बर्फात कुठला ठसा त्याचा हे शोधणाऱ्यांना त्यावरून कळतं.