तिकडचा बाबा

"ताई, आमच्या मुलाला गाव आवडत नाही. काय करायचं?"

परदेशात राहणाऱ्या मराठी आईवडिलांचा हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरच्या तोंडावर, म्हणजे तिकिटं काढून झाली की. तपशील तेवढे वेगळे. कुणाची मुलगी आजीने घेतलेला पापा पुसून टाकते, कुणाचा मुलगा तीन आठवडे नूडल्सवर काढतो, कुणाचा दिवसभर फोन हातात घेऊन नेटवर्क शोधत घराभोवती फिरतो. मुलांवर आपण संस्कार करण्यात कमी पडलो, ही बोच सगळ्यांच्याच बोलण्यात असते.

त्यातल्या एका घराची ही गोष्ट. वडिलांना आपण सुहास म्हणू. नाव बदललं आहे, ओळखीच्या बाकीच्या खुणाही थोड्या फिरवल्या आहेत. सुहास गुहागरकडचा, चौदा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला. बायको नाशिकची. थोरला मुलगा बारा वर्षांचा, धाकटी सातची. गावी आई, मोठा भाऊ आणि वहिनी. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले आणि त्यांच्या राज्यातली शाळेची सुट्टी १३ सप्टेंबरपर्यंत होती. जर्मनीत मनाला येईल तेव्हा शाळा बुडवता येत नाही, पालकांना दंड होऊ शकतो. त्यामुळे गणपती सुट्टीत सापडले की तिकडच्या मंडळींना कोण आनंद होतो. हा योग साधायचाच, आणि या वेळी तरी मुलाने आजीशी धड बोलावं, एवढीच सुहासची मागणी होती.

समुपदेशनाच्या पहिल्या दोन भेटींत मी चुकले. मीही नेहमीच्याच वाटेने गेले: डास, संडास, तिखट जेवण, पाऊस, वीज जाणं. या अडचणी खोट्या नसतात, पण इथे त्या लागू नव्हत्या. आजीने मागच्या खेपेआधीच कमोड बसवून घेतला होता, बाटलीबंद पाण्याचे खोके आणून ठेवले होते. मुलाला आमटीभात आवडत होता. तरी मागच्या वेळी एकोणीस दिवसांतले निम्मे दिवस तो माळ्यावर जाऊन बसला होता.

तिसऱ्या भेटीत मी मुलाशी एकट्याशी बोलले. व्हिडिओ कॉलवर बारा वर्षांचा मुलगा अनोळखी बाईशी काय बोलणार? म्हणून त्याला म्हटलं, मला गावचं घर काढून दाखव. त्याने वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मी थक्क झाले. पडवी, ओटी, माजघर, मागचं दार, न्हाणीघर, विहीर, सगळं जागच्या जागी. विहिरीकडे जाताना कुठल्या पायरीवर शेवाळ असतं तिथे त्याने फुली मारली होती. लाकडं रचून ठेवतात तिथे मांजरीने पिल्लं घातली होती, तो कोपराही होता. घर नावडणाऱ्याला हे सगळं इतकं लक्षात राहत नाही.

"बाबा कुठे असतो?" मी विचारलं.

"ओटीवर. तो तिकडे ओटीवरच बसतो." मग जरा थांबून, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी करत तो म्हणाला, "तिकडचा बाबा वेगळा असतो. इथे तो पोळ्या करतो. तिकडे काकूला सांगतो, पाणी आण. आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडतो. इथे तो ओरडत नाही."

मुलाच्या परवानगीने मी हे त्याच्या आईवडिलांना सांगितलं. बायकोला आधी हसू फुटलं. "मी लग्नापासून हेच म्हणतेय." सुहासने बाजू मांडली, तीही खोटी नव्हती. "अहो, मी तिकडे स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आईच हाकलते. म्हणते, तू बस, दमून आलायस." म्हणजे स्वतःच्याच घरी हा पाहुणा. पाहुण्याला काम नसतं, आणि काम नसलेला माणूस ओटीवर बसून मुलांना शिस्त लावत बसतो. (हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.)

मग मी त्याला मागच्या खेपेचा हिशोब मांडायला लावला. एकोणीस दिवस, चौदा घरी जाणं, त्यातली पाच घरं अशी की तिथल्या मुलांची नावंही याला आठवत नव्हती. आणि आई आणि तो, दोघंच शांतपणे बसलेत असा दिवस? एकही नाही.

आता ओरडण्याविषयी. ते कधी व्हायचं, हे खोदून विचारल्यावर एकच प्रसंग पुन्हा पुन्हा पुढे आला. कुणीतरी भेटायला येतं, मुलाकडे बघून विचारतं, "काय रे, मराठी येतं का?" सुहास लगेच म्हणतो, "येतं की! बोल ना. शुभंकरोति म्हणून दाखव." मुलाची वाचा बसते. पाहुणे गेले की सुहासचा आवाज चढतो. परदेशात वाढणाऱ्या पुष्कळ मुलांना घरची भाषा कळते पुरती, पण तोंडातून शाळेची भाषाच निघते. आपण मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देतात. तो उद्धटपणा नसतो. दहा माणसांसमोर उभं करून भाषा काढायला लावली की होती नव्हती तीही आत जाते. हे सुहासला माहीत होतं. धाकटीच्या वेळी हाच माणूस कितीतरी समजूतदारपणे वागायचा. मग गावातच काय व्हायचं?

"तेव्हा ओटीवर आणखी कोण असतं?" या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला. "दादा असतो."

खरी गाठ इथे होती. भाऊ गावी राहिला, आगर सांभाळलं, आईला सांभाळतो. सुहास पैसे पाठवतो. दोघांत भांडण कधीच नाही, पण बोलणंही नाही. मुलगा घडाघडा मराठी बोलला असता तर सुहासला भावासमोर न बोलता काहीतरी सिद्ध करता आलं असतं: मी गेलो, पण सुटलो नाही. बारा वर्षांच्या पोराच्या जिभेवर एवढं ओझं.

मी त्याला निघण्यापूर्वी भावाला फोन करायला सांगितलं, आणि फोनवर फक्त विचार, सांगू नकोस, एवढं बजावलं. त्याने तीन आठवडे टाळलं. शेवटी केला. चाळीस मिनिटांच्या बोलण्यातलं एकच वाक्य त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आठवण काढून भाऊ म्हणाला होता, "मी तिला घेऊन पावसात एसटीच्या स्टँडवर उभा होतो, आणि तू मला फोनवर लेन्सच्या किमती समजावत होतास." त्यावर सुहास काय म्हणाला, मी विचारलं. "काही नाही. बरोबरच होतं ते."

बाकीची तयारी साधी होती. पहिले दोन दिवस कुणाकडे जाणं नाही. घरं चौदावरून पाचवर आणली. राहिलेल्यांनी गणपतीला यावं, दारात येणाऱ्याला कोकणात कुणी नाही म्हणत नाही. शुभंकरोतिची परीक्षा बंद. शेवटचे पाच दिवस बायकोच्या माहेरी, नाशिकला, आणि त्यातला एकही दिवस कापायचा नाही. (माहेरचे दिवस नेहमी शेवटी का येतात आणि तेच का कापले जातात, यावर स्वतंत्र लिहायला हवं.) आणि सुहासने रोज निदान एक काम हातात घ्यायचं, आईने हाकललं तरी.

आदल्या दिवशीच्या भांडणाविषयीही आधीच बोलून ठेवलं. बॅगा भरताना, लोणच्याची बरणी न्यायची की नाही, वजन तेवीस किलोंच्या वर गेलं, अशा कशावरून तरी परतीच्या आदल्या दिवशी घरोघरी ठिणगी पडते. पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंब-समुपदेशकांनी १९७०च्या दशकापासून अशा दुराव्याचा अभ्यास केला आहे, ज्यात माणूस हयात असतं पण जवळ नसतं. त्याचं सुतक नसतं, तेरावं नसतं, त्यामुळे ते दुःख कधी पुरतं संपतही नाही. दर खेपेला आजी तेच दुःख नव्याने सोसते, आणि मला वाटतं, रडत निरोप देण्यापेक्षा रागावून देणं सोपं जातं. तेव्हा आई चिडली तर बरणीचा वाद जिंकायला जाऊ नकोस, एवढंच मी त्याला म्हटलं.

परत गेल्यावर सप्टेंबरच्या शेवटी सगळे कॉलवर आले. सारं गोड झालं असं नाही. विसर्जनाच्या दिवशी एका काकांनी थोरल्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि तो उठून माळ्यावर गेला. या वेळी सुहास काकांना म्हणाला, "येतं त्याला, पण हुकमी नाही येत." माळ्यावर त्याच्यामागे कुणी गेलं नाही. अर्ध्या तासाने तो आपणहून खाली आला.

आजीशी त्याचं जमलं ते निराळ्याच वाटेने. पडवीत बसून आजी माडाच्या झावळीचे हीर काढत होती, खराट्यासाठी. पातीच्या मधल्या शिरेवरून सुरी एका लयीत ओढायची, दोन्ही बाजूंचं हिरवं सोलून पडतं आणि हातात लांब, लवचीक काडी राहते. हा बघत उभा राहिला. आजीने काही न बोलता दुसरी सुरी त्याच्याकडे सरकवली. पहिल्या पाचसहा काड्या मोडल्या. "उलटी धर. तुझ्या अंगावर नको, पुढे ओढ," आजी म्हणाली. तो रोज तासभर बसायला लागला. बोलणं काय झालं, तर 'हे बघ', 'मोडली', 'आणखी आहेत?' इतकंच. धाकटी मात्र आठ दिवसांत मोदकाच्या कळ्या पाडत वहिनीच्या सुरात बोलायला लागली होती. सात आणि बारा वर्षांत एवढा फरक पडतोच, त्यावरून तुलना करायची नाही, हे मी सुहासला परत एकदा सांगितलं, कारण त्याने पहिलीच तक्रार केली होती, "ताई, पण थोरल्याचं मराठी काही सुधारलं नाही."

आदल्या दिवशीचं भांडण झालंच. कोकमाच्या पिशवीवरून.

गेल्या महिन्यात सुहासने पुन्हा वेळ घेतली, एकट्याने. २०२६ चे गणपती १४ सप्टेंबरला, तेव्हा शाळा सुरू झालेली असणार, त्यामुळे सगळ्यांनी जाणं जमणार नाही. म्हटलं, या वर्षी वारी चुकणार म्हणून आला असेल. तर विषय वेगळाच. आईला एकटं ठेवता येत नाही म्हणून भाऊ आणि वहिनी कित्येक वर्षांत दोघं मिळून कुठे गेलेले नाहीत. म्हणून हा एकटाच गावी जाणार आहे, दहा दिवस. भाऊ-वहिनी तेवढ्यात केरळ बघून येणार. त्यांची तिकिटं यानेच काढली आहेत, आणि भावाने ती घेतली आहेत.

"म्हणजे घरात तुम्ही आणि आई, दोघंच. स्वयंपाक कोण करणार?"

"मी."

"आई करू देतील?"

"तिला अजून सांगितलेलं नाही," तो म्हणाला.