कोकणात घरच्या घरी परावर्तक दुर्बीण बनवता येईल का? आरसा स्वतः घासावा की तयार घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ राहता, कॉलेजात शिकता, पहिलीच दुर्बीण आहे आणि आरशाचं ठरत नाहीये. मी रत्नागिरीच्या बाजूचा. माझं मत स्पष्ट आहे: स्वतः घासा, आणि पावसाळ्यात घासा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ दिसतच नाही. शिवाय दिवसा-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो आणि आरसा तपासताना नेमकं तेच हवं असतं. मी पहिला आरसा मे महिन्यात पॉलिशला घेतला होता. उकाड्यात पॉलिशसाठी खालच्या काचेवर ओततात तो राळेचा थर इतका मऊ पडायचा की त्यात पाडलेल्या खाचा अर्ध्या तासात बुजून जायच्या.

माप ६ इंची घ्या, म्हणजे १५० मिमी, आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी ठेवा. हे अंतर मापाच्या ८ पट आहे, यालाच एफ/८ म्हणतात. आरशाचा अंतिम आकार अन्वस्त (पॅराबोलासारखा) असावा लागतो, पण या मापात गोलीय आणि अन्वस्त आकारातला फरक कडेलासुद्धा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी असतो. नुसता नीट गोलीय आकार साधला तरी शनीची कडी स्वच्छ दिसतात. ८ इंचीचा मोह पहिल्या वेळी टाळा.

सारख्या मापाच्या दोन जाड काचा लागतात. आधी दोन्हींच्या कडा घासून बोथट करा, नाहीतर टवके उडतात. एक काच पाण्याने भरलेल्या पिंपावर पक्की बसवायची, दुसरी वर, मधे कार्बोरंडमची पावडर आणि पाणी. वरची काच पुढे-मागे घासायची, अधूनमधून थोडी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एकेक पाऊल सरकायचं. वरची काच आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. मध्यभागी खोली लागते फक्त १.२ मिमी. हे काम कानाने चालतं: ८० नंबरची नवी पावडर खर्र खर्र वाजते, काही मिनिटांत आवाज बसतो, म्हणजे दाणे मोडले. मग पुन्हा चिमूटभर पावडर. खोली आली की १२०, २२०, ४००, ६०० असं बारीक होत जायचं.

इथे एक गोष्ट मनावर घ्या. मी ४०० नंबरवर असताना पडवीत राहिलेला जाड पावडरीचा एकच दाणा मधे आला आणि आरशावर आरपार ओरखडा उठला. २२० वर परत जावं लागलं, आठवडा गेला. तेव्हापासून नंबर बदलताना पडवी, बादली, नखं सगळं धुतो आणि पंचाही दुसरा घेतो. आपली जांभ्याची धूळही काही कमी त्रासदायक नाही.

पॉलिश राळेच्या थरावर सीरियम ऑक्साइडने करायचं. मग फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोची चाचणी, जी त्याने १८५८ साली मांडली: आरशासमोर २४०० मिमीवर बारीक फटीतून उजेड सोडायचा आणि परत येणारा किरण ब्लेडच्या पात्याने हळूहळू कापायचा. आरसा एकसारखा करडा झाला तर आकार गोलीय आहे. एकदा आरशावर मिनिटभर अंगठा ठेवून बघाच. बोटाच्या उबेने तेवढीच काच फुगते आणि पात्याआडून तिथे चक्क टेकडी उभी राहिलेली दिसते, मग ती सावकाश विरते. ते पाहिल्यावर मी तपासण्याआधी आरसा दोन तास हात न लावता ठेवायला लागलो.

बाकीचं सोपं आहे. तिरका छोटा सपाट आरसा आणि आयपीस (डोळा लावायचं भिंग) विकत घ्या. २५ मिमीचा आयपीस ४८ पट मोठं दाखवतो. नळी पीव्हीसीची, बैठक प्लायवूडची डॉब्सन पद्धतीची (वर-खाली आणि गोल फिरणारी साधी पेटी), सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे. अॅल्युमिनियमचा मुलामा निर्वात यंत्रात देतात, तो बाहेरूनच करून घ्यावा लागतो. त्यावर संरक्षक थर मात्र आग्रहाने मागा, खाऱ्या हवेत उघडा मुलामा टिकत नाही. काम झालं की झाकण लावा, आयपीसच्या डब्यात सिलिका जेल ठेवा. सूर्याकडे ही दुर्बीण कधीही वळवू नका.

दिवाळीनंतर गुरू, मृगातला तेजोमेघ वगैरे बघालच. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री दहाच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशा सड्यावर (कातळाच्या पठारावर) ती घेऊन जा. क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर ओमेगा सेंटॉरी असतो, सुमारे १ कोटी ताऱ्यांचा गुच्छ. ६ इंची आरशातून त्याच्या कडेचे तारे सुटे दिसायला लागतात.