तक्ते लिलिएनथालचे, चूक कुणाची?

प्रश्न : ओटो लिलिएनथालचे तक्ते चुकीचे होते, म्हणून राइट बंधूंना स्वतःचा विंड टनेल (कृत्रिम वाऱ्यात पंख तपासायचा बोगदा) बांधावा लागला, असं वाचलं. मग विमानाच्या इतिहासात त्याला एवढा मान का देतात?

उत्तर : हा आरोप मी वर्गात शिकवत होतो तेव्हापासून ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा तावातावानं आलं तर चालवून घ्या. लिलिएनथाल म्हणजे ग्लायडरनं, बिनइंजिनाच्या विमानानं, उडणारा आद्य जर्मन संशोधक. पंखाला किती उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, मिळते हे सांगणारे त्याचे तक्ते मुळात बरोबर होते.

१९०१ मध्ये अमेरिकेत किटी हॉकला राइट बंधूंच्या ग्लायडरला हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली. संशय साहजिकच तक्त्यांवर गेला. पण त्या हिशेबात हवेच्या दाबाचा एक गुणांकही होता, ०.००५, अठराव्या शतकातल्या स्मीटन या इंग्रज अभियंत्यापासून चालत आलेला. तो खरं तर सुमारे ०.००३३ निघाला. शिवाय लिलिएनथालची मापं त्याच्या स्वतःच्या, लांब आणि अरुंद पंखाची होती; राइट बंधूंचे पंख त्या मानानं आखूड नि रुंद. एकाची मापं दुसऱ्याला कशी लागू पडणार? विंड टनेलमधल्या प्रयोगांनंतर विल्बर राइटनं त्यांचे सल्लागार मित्र, अमेरिकी अभियंते शानूट यांना कळवलं, की लिलिएनथाल आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा सत्याच्या बराच जवळ आहे. हे पत्र मात्र कुणी सांगत नाही!

तक्ते आले कुठून, तेही पाहा. बर्लिनमध्ये वाफेची इंजिनं आणि बॉयलर बनवणारा हा कारखानदार. भाऊ गुस्टाफला घेऊन त्यानं गोल फिरणाऱ्या दांड्याला पंख बांधून १८७० च्या दशकात उचल मोजली. सपाट पंखापेक्षा किंचित बाक दिलेला पंख सरस ठरतो, हे त्यानं करकोच्यांकडे नुसतं बघून नव्हे, आकड्यांनी दाखवलं. १८८९ मध्ये पुस्तक काढलं आणि १८९१ मध्ये डेरविट्झला स्वतःच पंख लावून सुमारे २५ मीटर तरंगला. पुढे लिश्टरफेल्डला १५ मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली. रिनोच्या टेकड्यांवरून तर २५० मीटरपर्यंत मजल गेली. एकूण उड्डाणं दोन हजारांच्या आसपास. विलोच्या काठ्या आणि कापडाचा त्याचा ग्लायडर ५०० मार्कांना विकतही मिळे.

माझ्या मते त्याची खरी उणीव नियंत्रणात होती. पाय झुलवून शरीराचा भार इकडेतिकडे करायचा, एवढाच उपाय त्याच्या हाती होता, आणि पंख मोठे झाले की तो तोकडा पडतो. ९ ऑगस्ट १८९६ ला श्टॉल्नजवळ ग्लायडरचं नाक वर गेलं, उचल संपली आणि तो सुमारे १५ मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारला, वय ४८. त्या बातमीनंच राइट बंधूंची उड्डाणाची जुनी आवड पुन्हा जागी झाली, आणि पंखांना पीळ देऊन तोल सांभाळायची युक्ती त्यांनी १८९९ मध्ये आधी पतंगावर करून पाहिली.