घटसर्प एका म्हशीपासून दुसरीला कसा होतो, आणि आजारी म्हैस किती दिवस वेगळी बांधावी?

आपल्या तबेल्यात दोन म्हशी घटसर्पाने दगावल्या आणि आता आजारी म्हैस किती दिवस वेगळी बांधावी, असे आपण विचारले आहे. ती वेगळी बांधाच. परंतु रोग आणणारी म्हैस पुष्कळदा आजारी दिसतच नाही, हे आमच्या जोगेश्वरीच्या तबेल्यात मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जुलै महिना होता, चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती, आणि काकांनी हरियाणाहून आलेली ताजी व्यायलेली मुऱ्हा म्हैस ट्रकमधून उतरवून थेट जुन्या म्हशींच्या रांगेत, त्याच गव्हाणीवर बांधली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या धारेला तिच्या शेजारच्या म्हशीने पान्हा सोडला नाही. रवंथ बंद झाला होता, डोळे लाल झाले होते आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. रात्री दहाच्या सुमारास मी तिच्या गळ्याखाली हात लावला, तेव्हा सूज कढत लागली. तिची घरघर शेजारच्या गोठ्यापर्यंत ऐकू जात होती. पहाटेच्या धारेआधी ती गेली, आणि पुढच्या दोन दिवसांत आणखी दोघी गेल्या. रक्ताचा नमुना परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला, तेव्हा काचपट्टीवर दोन्ही टोकांना रंग धरलेले जिवाणू दिसले. नवी म्हैस मात्र धडधाकट उभी राहून दोन्ही वेळा दूध देत होती.

तेवढ्यावरून काका शेवटपर्यंत म्हणत राहिले, की रोग ओल्या गवतातून आला; नवीने आणला असता तर आधी तीच मेली असती. हे साफ चूक आहे. घटसर्पाचा पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू काही निरोगी जनावरांच्या टॉन्सिलमध्ये मुक्कामाला असतो. प्रवासाचा शीण, उपासमार आणि पावसाचा गारठा यांनी जनावर खचले, की तो नाकातोंडातून बाहेर पडू लागतो आणि लाळ-शेंबडाने बरबटलेल्या चाऱ्या-पाण्यातून शेजारणीच्या पोटात जातो. गायींपेक्षा म्हशी त्याला अधिक बळी पडतात.

त्याच वर्षी मे महिन्यात डॉक्टर लस घेऊन दारात आले होते. लस टोचली की दोन-चार दिवस दूध घटते आणि रतीब चुकतो, म्हणून काकांनी त्यांना परत पाठवले. दूध थोडे घटते हे मला मान्य आहे, पण त्यासाठी लस नाकारणारा मालक आपल्या जनावरांशी प्रामाणिक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्यासाठी. नवे जनावर निदान तीन आठवडे वेगळ्या गव्हाणीवर बांधा आणि वेगळ्या बादलीने पाजा. मात्र एवढ्याने छुपा वाहक ओळखू येत नाही, त्यामुळे लसीला पर्याय नाही. उरलेल्या म्हशींचा ताप दोन्ही वेळा मोजा. तो 104 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर गळा सुजण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा, कारण सूज आल्यावर औषध क्वचितच लागू पडते. ताप नसलेल्यांना लगेच लस टोचून घ्या. तिचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. माणसांच्या घटसर्पाचा जिवाणू निराळा आहे, तेव्हा घरातल्या मुलांना म्हशींपासून तो होईल, ही भीती बाळगू नका.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या नव्या म्हशीच्या घशाची तपासणी आम्ही करून घेतली नव्हती, त्यामुळे जुन्यांपैकीच एखादी वाहक असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण तसे असले तरी त्या मे महिन्यात लस टोचायलाच हवी होती, हे काकांपुढे मांडलेले म्हणणे मी आजही सोडलेले नाही.