मिरज–पंढरपूरच्या जुन्या नॅरोगेजचा तुकडा पुन्हा सुरू करायचा तर पर्यावरण मंजुरीत अडकेल का?

तुम्ही विचारलंय की मिरज–पंढरपूर नॅरोगेजचा एखादा तुकडा वारसा म्हणून परत उभा करायचा झाला तर पर्यावरण मंजुरी लागेल का आणि काम त्यातच अडकेल का. मंजुरीचं आधी सांगतो. ही मंजुरी कुठल्या कामांना लागते ते 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत आहे. त्यात महामार्ग आहे, विमानतळ आहे, बंदर आहे, रोपवेसुद्धा आहे. रेल्वेमार्ग नाही, म्हणजे त्या यादीखाली मंजुरी लागत नाही. अडकण्याचं म्हणाल तर त्यासाठी आमच्या शिवारातल्या, रुळाखालच्या मोरीची गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील कवठे महांकाळच्या बाजूला या लाइनीवर गँगमन होते. सरकारनं 1954 ला ही लाइन घेतली, पण आमच्याकडं शेवटपर्यंत तिला जुन्या कंपनीच्या नावानं बार्शी लाइटच म्हणत. अडीच फुटी रूळ आणि एका आसावर पाच टनांच्या वर भार नाही, हा ती लाइन बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा हिशोब. त्यावर 1897 ला गाडी बार्शीला पोचली आणि 1927 ला मिरजेला. भार कमी म्हणून भराव अरुंद आणि मोऱ्याही लहान. आमच्या शिवारातली मोरी घडीव काळ्या दगडाची होती, दोन माणसं वाकून आरपार जातील एवढी. तिच्याशेजारी चिंच. गँग दुपारी तिच्याखाली भाकरी सोडायची. वडील जेवण झालं की पान्ह्याचं टोक मोरीच्या दगडावर ठोकायचे आणि आवाज ऐकायचे. दगड सुटत आला की आवाज बदलतो, असं सांगायचे. मी लहानपणी कान लावून ऐकलंय, खरंच बदलतो.

ब्रॉडगेज आली तेव्हा नवी लाइन आमच्या इथं जरा बाजूनं गेली. रूळ उचलून नेले, भराव आणि मोरी तशीच राहिली. आम्ही गावातल्या सहा जणांनी अर्ज केला की एक किलोमीटरचा भराव आणि मोरी मोडू नका, थोडे रूळ परत टाकू, एक ट्रॉली ठेवू, शाळेच्या पोरांना दाखवू. एका कार्यालयातून उत्तर आलं, ‘पर्यावरण विभागाचा ना हरकत दाखला जोडावा.’ कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाखाली, एक अक्षर नाही. आम्ही दाखल्यामागं लागलो. पर्यावरणवाले म्हणाले, हा विषय आमच्याकडं येतच नाही. मग तसं लेखी द्या म्हटलं, तर तेही देईनात. चौदा महिने हेलपाटे घातले. प्रत्येक खेपेला दिवसाचा रोजगार बुडायचा.

तेवढ्यात एका शनिवारी जेसीबी आला. अरुंद भराव तो, दोन दिवसांत टिपरनं सगळा मुरूम गेला. सोमवारी मोरीचे दगड गेले आणि चिंच आडवी झाली. मुरूम हे गौण खनिज, त्याला तहसीलची परवानगी लागते. चिंच 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, तिलाही परवानगी लागते. दोन्हीपैकी एकही कागद टिपरवाल्याकडं नव्हता. मी स्वतः मागितला होता. म्हणजे जिथं कायदा काही मागत नव्हता तिथं आमच्याकडं दाखला मागितला आणि जिथं मागत होता तिथं कुणी विचारलं नाही. वडील संध्याकाळी जाऊन मोकळ्या जागेत उभे राहून आले. घरी काही बोलले नाहीत.

माझे दाजी आजही प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात, “तुमच्या झाडवाल्यांच्या नियमांनी गाडी घालवली.” साफ खोटं आहे. त्याच भरावाचा मुरूम दाजींच्या प्लॉटमध्ये पडलाय, हे सगळ्या पाव्हण्यांना माहीत आहे. जुनी लाइन झाडांमुळं जात नाही, जागा हातची गेली की जाते. सांगलीत बघा, स्टेशन चौक नावाला आहे, स्टेशन तिथं नाही. माथेरान 2003 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. 2005 च्या पावसानं तिथली लाइन वाहून गेली तरी 2007 ला गाडी परत धावली, कारण लाइनीची जागा शाबूत होती. आणि झाडासाठी लोक उभे राहिले की काय होतं ते आमच्या मिरज तालुक्यातच दिसलं. भोसेच्या वडासाठी 2020 मध्ये महामार्गाची आखणी बदलायला लावली. आमच्या चिंचेसाठी कुणी एक फोन केला असता तर मोरीही राहिली असती.

म्हणून तुम्ही मंजुरीची काळजी नंतर करा. आधी भूमी अभिलेखमधून मोजणीचा नकाशा काढा आणि जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. भरावाचे, मोऱ्यांचे, झाडांचे तारखेसकट फोटो काढा. झाडं मोजून चिंच, आंबा, जांभूळ वेगळी लिहा. वेडी बाभूळ त्या यादीत नाही, ती साफ करायला घाबरू नका. कुणी पर्यावरणाचा दाखला मागितला तर कलम लेखी मागा. आम्ही ते मागितलं नाही, तिथंच फसलो.

एक राहिलं. हे सगळं आपल्या माळरानापुरतं आहे. वनजमीन लागली तर 1980 चा वनसंवर्धन कायदा येतो आणि मंजुरी दिल्लीपर्यंत जाऊ शकते. अभयारण्य असेल तर त्याहून कडक. मिरजेहून गोव्याला जाणाऱ्या लाइनीवर कॅसलरॉक–कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं 2022 ला रद्द केली, आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. दाजींना तेही पटत नाही. शहराच्या हद्दीत झाडांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. मी वकील नाही, अर्ज टाकायच्या आधी जाणकाराला दाखवा.

‘ना हरकत दाखला जोडावा’ लिहिलेलं ते पत्र मी जपून ठेवलंय. वडील गेल्यावर त्यांच्या पान्ह्याशेजारी ठेवलं. दाजींनी एकदा येऊन वाचावं, त्यात कुठल्याच झाडाचं नाव नाही.